बिऱ्हाड हललं, चूल विझली नाही

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



गेल्या काही वर्षांत मराठीत जे नवे शब्द रुळले, त्यांत सर्वांत समतावादी शब्द कुठला असं मला कुणी विचारलं, तर मी 'सर्व्हर डाऊन' असं उत्तर देईन. सातबारा काढायला जा, रेशन दुकानात अंगठा लावा, धान विकण्यासाठी नोंदणी करा, दाखल्यासाठी सेतू केंद्रात उभे राहा, हा शब्द कुठंतरी भेटतोच. शाळेची पायरी न चढलेली आजीसुद्धा रिकामी पिशवी घेऊन परतताना शेजारणीला सांगते, "सर्वर डाऊन हाय वं, उद्या ये." शब्दाचा अर्थ तिला नेमका कळलेला असतो. उद्याची मजुरी बुडणार, असा तो अर्थ.

मी कविता लिहितो. पण कवितेवर घर चालल्याचं आमच्या भंडारा जिल्ह्यात तरी ऐकिवात नाही. पोटासाठी मी एका सहकारी पतसंस्थेत लिपिक आहे. शिक्षण बी.ए., तेही मराठी वाङ्मय घेऊन. तेव्हा यंत्रांविषयी मी बोलणं म्हणजे आगाऊपणा वाटेल. पण २०२५ च्या पावसाळ्यात आमच्या संस्थेचं सगळं संगणकी बिऱ्हाड जुन्या यंत्रांवरून नव्या यंत्रांवर हलवलं गेलं, आणि ते मी जवळून पाहिलं. पाहिलं ते सांगतो.

आधी एक गोष्ट लक्षात घ्या. मोठ्या बँकेचं काउंटर दोन तास बंद राहिलं तर ग्राहक चिडतो. पतसंस्थेचं काउंटर दोन तास बंद राहिलं तर ग्राहक घाबरतो. महाराष्ट्रात पतसंस्था बुडाल्याच्या बातम्या आपण सगळ्यांनी वाचल्या आहेत. त्यातून माणसं एवढंच शिकली आहेत की दार बंद दिसलं की धावायचं. भाजी विकणारी बाई रोज पन्नास रुपये पिग्मीत टाकते. तिच्या कानावर 'कॉम्प्युटर बंद आहे' असं गेलं, तर ती ते 'पैसे गेले' असं ऐकते. संध्याकाळपर्यंत रांग लागते, आणि रांग ही अशी चीज आहे की तिच्यामुळे चांगली संस्थाही अडचणीत येते. तेव्हा यंत्र किती मिनिटं बंद राहणार हा आमच्यासाठी तांत्रिक प्रश्न नव्हता. अब्रूचा होता.

आता हे 'आभासी यंत्र' म्हणजे काय, ते सांगतो. आमच्या संस्थेत पूर्वी प्रत्येक कामाला वेगळा संगणक होता. खात्यांचा एक, पिग्मीचा एक, हजेरीचा एक. पुढे तंत्र असं आलं की एकच दणकट यंत्र घ्यायचं आणि त्याच्या पोटात अनेक यंत्रं नांदवायची. जुना वाडा डोळ्यांपुढे आणा. एकाच वाड्यात सात बिऱ्हाडं. प्रत्येकाची चूल वेगळी, कुलूप वेगळं, आणि प्रत्येकाला वाटतं की आपलं स्वतंत्र घर आहे. पाणी, उजेड आणि जागा कुणाला किती द्यायची हे पाहणारा एक कारभारी असतो. त्या कारभारी प्रणालीला इंग्रजीत हायपरव्हायजर म्हणतात, आणि त्या बिऱ्हाडांना व्हर्च्युअल मशीन. मराठीत 'आभासी यंत्र' म्हणतात, पण मला तो शब्द पटत नाही. ज्यात हजारो माणसांच्या ठेवी नोंदलेल्या आहेत, ते आभासी कसं? हे तंत्र काही कालचं नाही. आयबीएमच्या मोठ्या संगणकांवर ते १९६० च्या दशकात होतं. आपल्या टेबलाखालच्या साध्या यंत्रांवर ते १९९८ साली स्थापन झालेल्या व्हीएमवेअर या कंपनीनं आणलं, आणि जगभर तेच नाव झालं.

मग हलवायचं कशाला? कारण वाडा जुना होतो. यंत्रं थकतात, आणि कारभारी प्रणालीलाही वय असतं. कंपनी एका तारखेनंतर तिची डागडुजी थांबवते. व्हीएमवेअरच्या ६.५ आणि ६.७ या आवृत्त्यांची नेहमीची मदत १५ ऑक्टोबर २०२२ ला संपली, सातव्या आवृत्तीची २ ऑक्टोबर २०२५ ला. त्यानंतर यंत्र चालतं, पण दाराला नवी भोकं पडली तर बुजवायला कुणी येत नाही. त्यातच नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रॉडकॉमनं व्हीएमवेअर विकत घेतली, आणि पुढच्याच महिन्यात कायमस्वरूपी परवाना विकणं बंद करून वर्गणीची पद्धत आणली. जगभरातल्या अनेक संस्थांनी मग दुसरे वाडे शोधायला सुरुवात केली. लिनक्समध्ये २००७ पासून असलेली केव्हीएम ही खुली प्रणाली, तिच्यावर उभी असलेली व्हिएन्नाची प्रॉक्समॉक्स, मायक्रोसॉफ्टची हायपर-व्ही, अशी नावं लोकांच्या तोंडी आली. आमची जुनी प्रणाली कुणाची होती आणि नवी कुणाची, हे सांगण्याचं कारण नाही.

हे काम ज्या नागपूरच्या कंपनीला मिळालं, तिथं माझी भाची नोकरीला आहे. निविदा उघडेपर्यंत मला त्याचा पत्ता नव्हता, हे आधीच सांगून ठेवतो, नाहीतर वार्षिक सभेत प्रश्न यायचा. ती पहिल्या दिवशी आली, माझ्या टेबलावर बसली आणि म्हणाली, "मामू, चालू यंत्र न थांबवता हलवता येतं, हे माहीत आहे का?" मी म्हटलं, "समजेल असं सांग." तिनं माझंच कॅशबुक उचललं.

समजा, मी कॅशबुकात नोंदी लिहितो आहे, आणि माझं लिहिणं न थांबवता ते पुस्तक शेजारच्या खोलीत न्यायचं आहे. शेजारच्या खोलीत एक कोरं पुस्तक ठेवायचं. एक मुलगा माझ्या पुस्तकाची पाचशे पानं भराभर उतरवून घेतो. तेवढ्यात मी चाळीस पानांवर काही ना काही बदललेलं असतं. मग तो फक्त ती चाळीस उतरवतो. तेवढ्यात पाच बदलतात. तो पाच उतरवतो. असं करत करत जेव्हा एखादीच ओळ उरते, तेव्हा तो म्हणतो, "चाचा, क्षणभर पेन उचला." ती ओळ उतरते, मी उठून शेजारच्या खोलीत बसतो आणि अर्धवट राहिलेला आकडा पुढे लिहायला लागतो. मग एक माणूस दारात उभा राहून ओरडतो, "चाचा आता या खोलीत बसतात हो!" म्हणजे येणारी माणसं जुन्या खोलीकडे जात नाहीत. संगणकाच्या जाळ्यात ही हाकही खरोखरच दिली जाते. पेन उचललेला तो क्षण, तेवढाच बंदकाळ. व्हीएमवेअरनं ही करामत २००३ मध्ये बाजारात आणली. केंब्रिज विद्यापीठातल्या झेन प्रकल्पाच्या मंडळींनी २००५ साली एक निबंध वाचला. त्यात त्यांनी संगणकावरचा एक खेळ, खेळाडू खेळत असतानाच, एका यंत्रावरून दुसऱ्यावर नेला होता. खंड पडला ६० मिलिसेकंदांचा. पापणी लवायला याहून जास्त वेळ लागतो.

यात एक गोम आहे, आणि ती लिपिकालाच आधी कळते. मी जर त्या मुलाच्या उतरवण्यापेक्षा जोरात लिहीत असेन, तर काम कधीच संपणार नाही. म्हणून गर्दीच्या वेळी हलवायचं नाही.

दुसरी गोम मोठी आहे. ही जादू एकाच बनावटीच्या दोन वाड्यांत चालते. वाड्याची बनावटच वेगळी असेल, तर चालत्या चुलीसकट बिऱ्हाड उचलता येत नाही. दाराची मापं वेगळी, कुलपं वेगळी, नळ वेगळ्या भिंतीत. तिथं एकदा तरी चूल विझवावीच लागते. प्रश्न एवढाच उरतो, किती वेळ? यावर मला आमची रोवणी आठवली. आषाढात पऱ्हे उपटायचे, जुड्या बांधायच्या आणि चिखल केलेल्या बांधीत रोवायचे. उपटणं आणि रोवणं यांच्या मधला काळ रोपासाठी मरणाचा. म्हणून आमचा शेतकरी आधी चिखल तयार ठेवतो, पाणी बांधून ठेवतो, बायांना सांगून ठेवतो, आणि मगच पऱ्ह्याला हात घालतो. पऱ्हे उपटून बांधावर टाकायचे आणि मग नांगर शोधायला जायचं, असं कुणी करत नाही.

भाचीनंही तेच केलं. मे-जून हे दोन महिने चिखल तयार करण्यात गेले. कुठलं बिऱ्हाड कुणाकडून पाणी घेतं, याची यादी झाली. हजेरीचं यंत्र कुणावर अवलंबून नाही, ते आधी. पासबुक छापण्याचं खात्यांवर अवलंबून, ते नंतर. खात्यांचं मुख्य यंत्र सर्वांत शेवटी. जून संपेपर्यंत पाच हलकी बिऱ्हाडं एकेका संध्याकाळी हलली, आणि कुणाच्या लक्षातही आलं नाही. मुख्य यंत्रासाठी तिनं वेगळी युक्ती केली. नव्या वाड्यात त्याचं जुळं भावंडं उभं केलं आणि जुन्यात पडलेली प्रत्येक नोंद आठवडाभर त्याच्याकडेही जात राहिली. म्हणजे शेवटच्या दिवशी सगळा गठ्ठा न्यायचाच नव्हता. फक्त थोरल्यानं लिहिणं थांबवायचं आणि धाकट्यानं सुरू करायचं.

शनिवार ठरला १२ जुलै, दुसरा शनिवार. आणि माझ्या वाट्याला माझं काम आलं, म्हणजे शब्दांचं. दारावर सूचना लावायची होती. व्यवस्थापकांनी नेहमीचं वाक्य लिहून पाठवलं, 'तांत्रिक कारणास्तव व्यवहार बंद राहतील.' श्रोतेहो, ठेवीदाराची झोप उडवणारं याहून जालीम वाक्य मराठीत नसेल. त्यात काय झालं ते नाही, कधी सुरू होणार ते नाही. मी हट्टानं बदलून घेतलं. आपल्या खात्यांच्या नोंदी नव्या यंत्रावर हलवत आहोत, शनिवारी दुपारी दोनला काउंटर बंद होईल, सोमवारी सकाळी दहाला उघडेल, रोवणीच्या मजुरीसाठी पैसे लागणार असतील तर शुक्रवारपर्यंत काढून घ्या, आणि पासबुक भरून घ्या. साधं लिहिलं. ठळक लिहिलं. पिग्मी एजंटांना तेच तोंडी सांगायला लावलं, कारण सूचना वाचणारे थोडे आणि ऐकणारे फार.

मोठ्यांनीही हेच केलेलं आहे. मुंबईच्या एचडीएफसी बँकेनं सुमारे एक वर्ष आधी, १३ जुलै २०२४ ला, आपली मुख्य बँकिंग प्रणाली नव्या यंत्रणेवर नेली. तोही दुसरा शनिवार. पहाटे तीन ते दुपारी साडेचार, असे साडेतेरा तास त्यांनी आधीच जाहीर केले होते. त्यात यूपीआय कधी बंद, तेही वेगळं सांगितलं होतं: पहाटे तीन ते पावणेचार, आणि सकाळी साडेनऊ ते पाऊण. साडेतेरा तास हा काही थोडा काळ नव्हे. पण लोकांनी तो सोसला, कारण त्याला काठ होता.

याउलट ब्रिटनमधली टीएसबी बँक. एप्रिल २०१८ मध्ये एका शनिवार-रविवारी तिनं आपले सगळे ग्राहक जुन्या प्रणालीतून नव्या प्रणालीत नेले. नोंदी बहुतेक नीट पोहोचल्या, पण नवं घर गर्दी पेलू शकलं नाही. जवळजवळ १९ लाख लोकांना आपल्याच खात्याचं दार उघडेना. कुणाला दुसऱ्याच्या खात्यातली रक्कम दिसली. घडी बसायला महिने लागले, मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याला सप्टेंबरमध्ये पद सोडावं लागलं, आणि डिसेंबर २०२२ मध्ये नियामकांनी बँकेला ४ कोटी ८६ लाख पौंडांहून जास्त दंड केला. कामाची आखणी आणि जोखमीवरचं नियंत्रण पुरेसं नव्हतं, हा ठपका. पऱ्हे उपटले तेव्हा चिखल झालेला नव्हता, असं आमचा शेतकरी म्हणेल.

आता ती रात्र. दुपारी दोनला काउंटर बंद, साडेचारला दिवसअखेरचा हिशोब जुळला. मी सगळ्या खात्यांची एकूण बाकी कागदावर छापून घेतली आणि त्यावर तिघांच्या सह्या घेतल्या. भाचीला हा कागदाचा सोस हसू आणत होता. पण ती काही बोलली नाही. बाहेर पाऊस कोसळत होता, म्हणून जनरेटरमध्ये डिझेल भरून ठेवलं होतं. पावणेसहाला मुख्य यंत्राचं लिहिणं थांबवलं. अकरा मिनिटांनी धाकट्या भावंडानं पहिली नोंद घेतली. अकरा मिनिटं! मी चहा मागवला होता, तो यायच्या आत झालं.

अडलं ते पिग्मीपाशी. ते यंत्र सर्वांत जुनं, त्याच्याकडे कुणी फारसं पाहिलेलं नाही. नव्या वाड्यात ते उठेचना. पडदा निळा व्हायचा आणि पुन्हा पहिल्यापासून. मला घाम फुटला. सोमवारी सकाळी एजंट हातयंत्र घेऊन बाजारात जाणार आणि बायांना सांगणार, 'आज घेता येत नाही'. पण भाची शांत होती. तिनं काय केलं, तर जुन्या वाड्यातलं तेच यंत्र पुन्हा सुरू केलं. पाच मिनिटांत ते जुन्या घरी नांदायला लागलं. कारण जुनं काहीही पुसलेलं नव्हतं. "मामू," ती म्हणाली, "परतीची वाट मोडली नाही, तर घाबरायचं कारण नाही. आता सावकाश बघू." दोष निघाला किल्लीचा. नव्या वाड्याचं कोठार उघडायला जी नवी किल्ली लागते, म्हणजे ज्याला ड्रायव्हर म्हणतात, ती त्या जुन्या यंत्राच्या खिशात नव्हती. कोठारच उघडेना, तर उठणार कसं? तिनं आधी नव्या वाड्यात कोठाराला जुन्या पद्धतीचं कुलूप लावलं, यंत्राला आत घेतलं, नवी किल्ली त्याच्या हाती दिली, आणि मग कुलूप बदललं. रात्री पावणेदोनला पिग्मीचं यंत्र उठलं.

परतीची वाट. हा शब्द ऐकला आणि माझं मन भलतीकडेच गेलं. हे लोक ज्याला मायग्रेशन म्हणतात, त्याला आमच्या घरात हिजरत हा शब्द आहे, आणि जिल्ह्यात पुनर्वसन. पवनी तालुक्यात वैनगंगेवर गोसीखुर्द धरण आहे. त्याची पायाभरणी १९८८ साली राजीव गांधींच्या हस्ते झाली. पाणी अडवायचं म्हणजे गावं उठवायची. नव्या गावठाणात नळ, रस्ता, शाळा वेळेवर आली नाही, ही तक्रार आम्ही वर्षानुवर्षं ऐकत आलो. त्या माणसांचा बंदकाळ कुणी मिलिसेकंदात मोजला नाही. आणि पाणी चढल्यावर त्यांना परतीची वाटही नव्हती. यंत्राच्या स्थलांतराला जेवढी रंगीत तालीम होते, तेवढी एका गावाच्या स्थलांतराला झाली असती तर? असो. विषय यंत्रांचा आहे.

रविवार माझा होता. नव्या यंत्रावरून एकूण बाकी छापली आणि शनिवारच्या सह्यांच्या कागदाशी ताडून पाहिली. पैशापैशानं जुळली. तरी माझं समाधान होईना. दोनशे खाती निवडली, त्यात मुद्दाम जुनी, बंद पडलेली, नावात जोडाक्षरं असलेली. जोडाक्षरं यासाठी की यंत्र आकडे क्वचित विसरतं, पण मराठी नावाची वाट लावायला त्याला वेळ लागत नाही. लाल पेननं एकेकावर खूण करत गेलो. संध्याकाळी सातला दोनशेवी खूण झाली.

सोमवारी दहाला दार उघडलं, तेव्हा बाहेर तीस-पस्तीस माणसं होती. नेहमी दहा-बारा असतात. म्हणजे धाकधूक होतीच. पुढे उभ्या असलेल्या बाईनं पासबुक सरकवलं आणि हलक्या आवाजात विचारलं, "बाबू, माहे पैसे हायेत ना जागेवर?" मी पासबुक यंत्रात घातलं. शुक्रवारची बाकी आणि आजची बाकी एकाखाली एक छापून आली. तिनं दोन्ही आकड्यांवर बोट ठेवून पाहिलं, हिशोब केला, आणि पाचशे रुपये काढायला आली होती ती शंभर भरून गेली. साडेअकरापर्यंत गर्दी नेहमीसारखी झाली. दिवसभर नवी यंत्रं किंचित मंद चालत होती. भाचीनं फोनवर सांगितलं की हे व्हायचंच, नेहमी लागणारी माहिती हाताशी मांडून घ्यायला त्यांना एखादा दिवस लागतो. रोवल्यावर रोपही आधी पिवळं पडतं, मग सावरतं. मंगळवारी सावरली.

जुनी दोन यंत्रं आम्ही महिनाभर तशीच ठेवली, वीज लावून, पण कुणालाही दार न उघडता. संचालक मंडळात एकानं विचारलं, फुकट वीज का जाळता? त्यांना ती रात्र सांगितली. महिना उलटल्यावर त्यांच्या डिस्का काढल्या, त्यांवरचं सगळं पुसलं, आणि तरी भरवसा नको म्हणून माझ्यासमोर त्यांना ड्रिलनं भोकं पाडली, कारण भंगारवाल्याकडे यंत्र जावं, ठेवीदारांची नावं जाऊ नयेत. उरलेल्या पत्र्याचे वजनावर पैसे आले, त्याची पावती मीच फाडली.